एकच बघायचा तर कुठला? बातम्यांची फिरकी घेणाऱ्या कार्यक्रमांची तुलना

बातम्यांवर विनोद करणारा एखादा कार्यक्रम नियमित बघायचं ठरवलं की पहिला गोंधळ नावांचा होतो. अमेरिकेतले ‘द डेली शो’ आणि ‘लास्ट वीक टुनाइट’, ब्रिटनचा ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’, ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी विनोदी कार्यक्रमातलं ‘वीकेंड अपडेट’. जवळपास सगळीकडे टेबलामागे सूट घालून बसलेली माणसं, पडद्यावर कुठल्यातरी पुढाऱ्याचा फोटो आणि समोर हसणारे प्रेक्षक. मोबाइलवर दोन-तीन मिनिटांच्या क्लिप बघितल्या तर हे सगळे एकाच साच्यातले वाटतात. पूर्ण भाग बघायला बसलं की मग कळतं, यांची जातकुळीच वेगवेगळी आहे.

निवड करताना लोक सहसा विचारतात, जास्त हसवतो कोण? त्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळंच येणार. मी त्याआधी दुसरी गोष्ट तपासते. बातमी तुम्हाला आधीच ठाऊक आहे असं हा कार्यक्रम धरून चालतो, की ती तो स्वतः सांगतो? ‘वीकेंड अपडेट’ बघायला निदान मथळे डोळ्यांखालून गेलेले असावे लागतात. ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ला ब्रिटनच्या राजकारणातला अख्खा आठवडा माहीत असावा लागतो. ‘द डेली शो’ निम्मी बातमी तुम्हाला दाखवतो आणि निम्मी तुमच्यावर सोडतो. ‘लास्ट वीक टुनाइट’ मात्र तुम्हाला काहीच माहीत नाही असं मानून पहिल्यापासून सुरुवात करतो. तुम्ही रोज किती बातम्या वाचता याचं प्रामाणिक उत्तर स्वतःला दिलंत, तर निम्मी निवड तिथेच झाली.

‘द डेली शो’: आजची बातमी, आजच

‘कॉमेडी सेंट्रल’ या अमेरिकी वाहिनीवर हा कार्यक्रम जुलै 1996 मध्ये सुरू झाला. पहिली काही वर्षं क्रेग किलबॉर्न सूत्रसंचालक होता आणि तेव्हा भर चटपटीत बातम्यांवर, प्रसिद्ध लोकांच्या चेष्टेवर होता. जानेवारी 1999 मध्ये जॉन स्टुअर्ट आला आणि कार्यक्रमाचा रोख राजकारणाकडे, त्याहीपेक्षा राजकारणाचं वार्तांकन करणाऱ्या वाहिन्यांकडे वळला. 2000 सालच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वार्तांकनासाठी या विनोदी कार्यक्रमाला पीबडी हा प्रसारणातला मानाचा पुरस्कार मिळाला. 2015 मध्ये स्टुअर्ट गेला, ट्रेव्हर नोआ आला, 2022 च्या शेवटी तोही गेला. फेब्रुवारी 2024 पासून स्टुअर्ट दर सोमवारी परतला आणि बाकीचे दिवस कार्यक्रमातल्या वार्ताहरांकडे गेले.

याची ताकद क्लिप शोधण्यात आहे. एखादा पुढारी आज टीव्हीवर तावातावाने एक बोलतो. तोच माणूस चार वर्षांपूर्वी, सरकार दुसऱ्या पक्षाचं असताना, नेमकं उलट बोललेला असतो. दोन्ही क्लिप एकापाठोपाठ दाखवायच्या आणि सूत्रसंचालकाने नुसतं कॅमेऱ्याकडे बघायचं. स्टुअर्टने ही पद्धत इतकी पक्की केली की आज ती जगभर वापरली जाते आणि आपल्याला त्यात काही विशेष वाटेनासं झालंय. पण यामागे मेहनत मोठी असते. सकाळी लेखक बसतात, संध्याकाळी चित्रीकरण होतं, रात्री भाग दिसतो. एवढ्या वेळात जुनी क्लिप हुडकायची, ती मागेपुढे कापून अर्थाचा अनर्थ केलेला नाही ना हे बघायचं आणि त्यावर विनोद लिहायचा.

दुसरी ताकद वार्ताहरांची. जॉर्डन क्लेपर प्रचारसभांच्या बाहेर रांगेत उभ्या असलेल्या लोकांशी बोलतो. तो वाद घालत नाही, आवाज चढवत नाही. समोरच्याने केलेलं विधान पुढच्या प्रश्नात जसंच्या तसं परत देतो आणि समोरचा स्वतःच्याच शब्दांत अडकतो. बघायला मजा येते. तरीही मला या भागांबद्दल एक आक्षेप आहे. सभेला आलेल्या शेकडो लोकांतून सगळ्यात विसंगत बोलणारे आठ-दहा जण संपादनात उरतात. त्यावरून ‘त्या बाजूचे सगळेच असे’ असं मत बनवू नये. सत्तेतल्या माणसाचं पितळ उघडं पाडणं आणि रांगेत उभ्या असलेल्या सामान्य माणसाला हसणं यात मी फरक करते.

तिसरा भाग पाहुण्यांच्या मुलाखतीचा. नवखे प्रेक्षक तो सोडून देतात. मी म्हणेन, स्टुअर्टच्या मुलाखती सोडू नका. 16 डिसेंबर 2010 चा भाग बघा. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ढिगाऱ्यात काम करून आजारी पडलेल्या बचावकर्मींच्या उपचारांचं विधेयक सिनेटमध्ये अडकलं होतं आणि मोठ्या वाहिन्यांनी त्याकडे जवळपास पाठ फिरवली होती. स्टुअर्टने अशा चार बचावकर्मींना टेबलाभोवती बसवलं आणि सिनेटमध्ये काय चाललंय ते त्यांना दाखवून त्यांचं म्हणणं विचारलं. त्या भागात विनोद फारच थोडा आहे. काही दिवसांतच विधेयक मंजूर झालं. श्रेय एकट्या कार्यक्रमाचं नव्हतंच, पण विषय चर्चेत आणण्यात त्याचा वाटा मोठा होता.

‘द डेली शो’ची अडचण अशी की तो लवकर शिळा होतो. मागच्या मंगळवारचा भाग आज बघितलात तर निम्मे विनोद निसटतात, कारण ज्या वक्तव्यावर गदारोळ झाला होता ते वक्तव्यच लोक विसरलेले असतात. शिवाय सोमवार सोडला तर आठवड्याआठवड्याला सूत्रसंचालक बदलतो, म्हणजे सूरही बदलतो. जोश जॉन्सन गोष्ट सांगितल्यासारखा सावकाश विनोद रचतो, रॉनी चिएंग पहिल्या वाक्यापासून चिडलेला असतो, डेझी लायडिक अभिनयाकडे झुकते. काहींना हा बदल आवडतो. एकाच माणसाची सवय लागणाऱ्यांनी सोमवार तेवढा धरावा.

‘लास्ट वीक टुनाइट’: एक विषय, शेवटपर्यंत

जॉन ऑलिव्हर ‘द डेली शो’मध्येच घडला. 2006 पासून तो तिथे वार्ताहर होता आणि 2013 च्या उन्हाळ्यात स्टुअर्ट रजेवर गेला तेव्हा त्याने कार्यक्रम सांभाळला. 27 एप्रिल 2014 ला एचबीओवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. दर रविवारी रात्री, वर्षाला साधारण तीस भाग. सुरुवातीला आठवड्याच्या बातम्यांचा धावता आढावा आणि मग पंधरा ते पंचवीस मिनिटं एकच विषय.

हे विषय ऐकायला कंटाळवाणे असतात. जामिनाचे नियम, कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांचे कंपन्यांशी झालेले करार, पोलिसांनी गुन्हा सिद्ध न होता जप्त केलेला माल, मृत्यूचं कारण ठरवणारे अधिकारी. वर्तमानपत्रात यावर लेख आला तर आपण पान उलटतो. ऑलिव्हर तोच विषय घेतो आणि आपल्याला जागेवर बसवून ठेवतो. त्याच्याकडे विनोद लिहिणाऱ्यांच्या बरोबरीने पत्रकारितेतून आलेले संशोधक आहेत. आधी विषयाचा सांगाडा उभा राहतो, पुरावे तपासले जातात, विनोद नंतर चढतात. ते भाग बघताना जाणवतं. विनोद काढून टाकले तरी मागे एक नीट रचलेलं वार्तापत्र उरतं.

त्याची पद्धत जवळून बघायची असेल तर जून 2016 चा वैद्यकीय कर्जांवरचा भाग बघावा. रुग्णालयाचं बिल थकलं की ते कर्ज वसुली कंपन्यांना कवडीमोलाने विकलं जातं. ती कंपनी पुढे दुसरीला विकते, दुसरी तिसरीला, आणि शेवटी कुठल्यातरी यादीतला माणूस वर्षानुवर्षं वसुलीच्या फोनांनी हैराण होतो. ही यादी विकत घेणं किती सोपं आहे, हे ऑलिव्हरने नुसतं सांगितलं नाही. त्याच्या चमूने मिसिसिपी राज्यात पन्नास डॉलर भरून स्वतःची वसुली कंपनी नोंदवली. तिच्या नावावर टेक्सासमधल्या सुमारे नऊ हजार लोकांचं जवळपास दीड कोटी डॉलरचं कर्ज साठ हजारांहून कमी डॉलरमध्ये विकत घेतलं. विकत घेताच त्या सगळ्यांची नावं, पत्ते, ओळख क्रमांक त्यांच्या हातात येऊ शकले असते, एवढा हा बाजार मोकळा होता. मग ऑलिव्हरने कार्यक्रमात एक मोठं लाल बटण दाबलं आणि एका ना-नफा संस्थेच्या मदतीने ते सगळं कर्ज माफ केलं.

त्या बटणाकडे लोक नाटक म्हणून बघतात. मला त्या नाटकाआधीची पंधरा मिनिटं जास्त मोलाची वाटतात. त्यात तुम्हाला कर्ज विक्रीची साखळी समजते, जुनं कर्ज कायद्याने वसूल करता येत नसतानाही ते कसं पुन्हा उकरून काढतात ते समजतं, आणि ती समज भाग संपल्यावरही तुमच्याजवळ राहते. दहा वर्षांपूर्वीचा हा भाग आज बघितला तरी शिळा वाटत नाही. इतर कुठल्याही कार्यक्रमाबद्दल मी एवढ्या खात्रीने असं म्हणणार नाही.

जून 2014 मध्ये इंटरनेटच्या समान वापराच्या नियमावर (इंटरनेट कंपनीने सगळ्या संकेतस्थळांना सारखीच वागणूक द्यायची, म्हणजेच ‘नेट न्यूट्रॅलिटी’) त्याने असाच भाग केला आणि प्रेक्षकांना सरकारी आयोगाकडे हरकती नोंदवायला सांगितलं. एवढे लोक तुटून पडले की आयोगाच्या हरकती घेणाऱ्या यंत्रणेला ताण झेपेना. फेब्रुवारी 2015 मध्ये आयोगाने 3 विरुद्ध 2 मतांनी कडक नियम मंजूर केले. 2017 मध्ये नव्या आयोगाने ते रद्दही केले. हा दुसरा अर्धा भाग कौतुकाच्या लेखांत बरेचदा गळतो. टीव्हीवरच्या विनोदाने लोक एकदा हलतात. निर्णय टिकवायला लागणारं राजकारण वेगळं असतं.

एचबीओवर जाहिराती नसल्यामुळे कुठल्या उद्योगावर बोललं तर जाहिरातदार दुखावेल ही धास्ती ऑलिव्हरला नाही. आपल्या वाहिनीची मालकी ज्या दूरसंचार कंपनीकडे होती, तिलाही तो कार्यक्रमातून उघडउघड टोमणे मारायचा. 2017 मध्ये कोळसा उद्योगावरच्या भागानंतर खाणमालक बॉब मरी यांनी मानहानीचा दावा ठोकला. तो फेटाळला गेला. नोव्हेंबर 2019 मध्ये ऑलिव्हरने टीकाकारांची तोंडं बंद करण्यासाठी केल्या जाणाऱ्या अशा दाव्यांवरच पूर्ण भाग केला आणि त्याचा शेवट मरी यांना उद्देशून केलेल्या लांबलचक संगीतनाट्याने केला. वाहिनी आणि वकील पाठीशी खंबीर उभे असले की व्यंग्य किती मोकळं होतं, याचं एवढं ठसठशीत उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता उणिवा. विनोदाची लय ठरून गेलेली आहे. दोन गंभीर वाक्यं, मग विषयाशी संबंध नसलेली एखादी विचित्र उपमा, हशा, पुन्हा दोन गंभीर वाक्यं. सलग तीन भाग बघितले तर पुढचा विनोद कुठे येणार ते कळायला लागतं. दुसरं म्हणजे समोर बसून प्रतिवाद करणारं कोणी नाही. ज्याच्यावर टीका होते त्याचं म्हणणं लेखी निवेदनातून एखाद्या वाक्यात येतं आणि त्यावर लगेच टोला बसतो. ऑलिव्हरची बाजू बहुतेक वेळा पुराव्यांनी भक्कम असते, पण ती त्याने निवडलेली बाजू आहे याचं भान ठेवूनच बघायला हवं. तिसरं, शिव्या भरपूर. लहान मुलं आणि आजी-आजोबा खोलीत असताना लावण्यासारखा हा कार्यक्रम नाही.

‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’: गप्पांचा फड

हा वेगळाच प्रकार. बीबीसीवर सप्टेंबर 1990 पासून चालू असलेली ही प्रश्नमंजूषा आहे, आणि गुण किती मिळाले याची फिकीर तिथे कुणालाच नसते. दोन संघ. एकाचा कप्तान इयन हिस्लॉप, 1986 पासून ‘प्रायव्हेट आय’ या व्यंग्य पाक्षिकाचा संपादक. दुसऱ्याचा पॉल मर्टन, जागच्या जागी सुचणाऱ्या विनोदात तरबेज. दोघांबरोबर दर आठवड्याला एकेक पाहुणा: कधी विनोदी कलाकार, कधी पत्रकार, कधी खासदार.

मजा या दोघांच्या स्वभावांतल्या फरकात आहे. हिस्लॉपला बातमीच्या मागची बातमी माहीत असते. कुणी कुणाला किती देणगी दिली, कुठल्या चौकशीत काय दडवलं, हे तो हसत हसत बोलून जातो आणि पाहुणा खासदार खुर्चीत चुळबुळायला लागतो. मर्टन त्याच वेळी फोटोत मागे दिसणाऱ्या कुत्र्यावरून भलतंच कथानक रचत असतो. एकाने बातमी घट्ट धरायची, दुसऱ्याने ती हवेत सोडून द्यायची. तीन दशकांहून जास्त काळ हा कार्यक्रम टिकला तो मुख्यतः या जोडीवर.

पाहुण्यांची भीड ते ठेवत नाहीत. 1993 मध्ये मजूर पक्षाचे रॉय हॅटर्सली ऐनवेळी आले नाहीत, तेही तिसऱ्यांदा. कार्यक्रमाने त्यांच्या जागी मर्टनच्या शेजारी चरबीचा डबा ठेवला आणि भाग पूर्ण केला. 2002 मध्ये पहिल्यापासूनचा सूत्रसंचालक अँगस डेटन याच्या खासगी आयुष्याच्या बातम्या टॅब्लॉइडमध्ये आल्या, तेव्हा मर्टन आणि हिस्लॉपने कॅमेऱ्यासमोर त्याचीही टर उडवली. इतरांना लावलेला नियम आपल्या माणसालाही लावला. त्याच वर्षी डेटनला जावं लागलं आणि तेव्हापासून बहुतेक दर आठवड्याला नवा पाहुणा सूत्रसंचालक असतो.

पण याच कार्यक्रमाबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार पाहुण्यांशीच जोडलेली आहे. बोरिस जॉन्सन 1998 मध्ये तिथे पहिल्यांदा आले. हिस्लॉपने त्यांना एका जुन्या, अडचणीच्या फोन संभाषणावरून चांगलंच धारेवर धरलं. जॉन्सन गडबडले, केस विस्कटले, वेळ मारून नेली, आणि प्रेक्षकांना ते आवडले. मग ते पुन्हा आले, पुढे अनेकदा सूत्रसंचालकही झाले. गोंधळलेला, गमतीदार, आपल्यातलाच माणूस ही त्यांची प्रतिमा घराघरात पोचवण्यात या कार्यक्रमाचा हात होता. ते लंडनचे महापौर झाले, पंतप्रधान झाले. पुढाऱ्याला हसण्यात सामील करून घेतलं की टीकेची धार जाते आणि उरतो तो त्याचा लोभसपणा. स्टुअर्ट आणि ऑलिव्हर पुढाऱ्याच्या गैरहजेरीत त्याची क्लिप दाखवतात. इथे पुढारी स्वतः शेजारी बसून हसतो. मला पहिली पद्धत जास्त विश्वासाची वाटते.

बीबीसीला निवडणुकीच्या काळात पक्षांमध्ये समतोल राखावा लागतो, त्याचाही फटका बसतो. मे 2019 मध्ये ‘चेंज यूके’ या पक्षाच्या प्रमुख हायडी ॲलन पाहुण्या असलेला भाग युरोपीय निवडणुका तोंडावर आल्या म्हणून बीबीसीने प्रसारणाआधी मागे घेतला. दुसरीकडे या समतोलाचा फायदाही आहे. सगळ्या पक्षांचे लोक इथे सारखेच सोलले जातात. घरात दोन टोकांची राजकीय मतं असलेली माणसं एकत्र बसून बघणार असतील, तर या यादीत एवढा एकच कार्यक्रम चालेल.

ब्रिटिश राजकारणाशी परिचय नसेल तर सुरुवातीला बरंच डोक्यावरून जाईल. दुय्यम मंत्र्यांची नावं, स्थानिक भानगडी, संक्षिप्त रूपं, काहीच समजावून सांगितलं जात नाही. शिवाय बीबीसीचे कार्यक्रम ऑनलाइन बघायचं आयप्लेअर ब्रिटनबाहेर चालत नाही. सप्टेंबर 2024 पासून सीएनएनवर याची अमेरिकी आवृत्ती आली आहे. सूत्रसंचालक रॉय वुड ज्युनियर, संघांचे कप्तान अँबर रफिन आणि मायकल इयन ब्लॅक. विषय अमेरिकी असल्यामुळे बाहेरच्या प्रेक्षकाला ती समजायला सोपी जाते. मूळ जोडीची मुरलेली चव तिला अजून यायची आहे.

‘वीकेंड अपडेट’

याला फार जागा द्यायची गरज नाही. ऑक्टोबर 1975 पासून ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’च्या प्रत्येक भागात असलेलं हे छोटं बातमीपत्र. 2014 पासून कॉलिन जोस्ट आणि मायकल चे ते चालवतात. मथळा वाचायचा, खांद्यामागे फोटो, एका ओळीत टोला, पुढचा मथळा. यातून बातमी कळत नाही आणि ती कळवण्याचा दावाही नाही. एका वाक्यात विनोद किती घट्ट बसवता येतो हे बघायला मात्र उत्तम. हंगामाच्या शेवटी दोघे एकमेकांसाठी विनोद लिहितात आणि समोरच्याला ते पहिल्यांदाच, थेट प्रक्षेपणात वाचावे लागतात. वाचता वाचता जोस्टचा चेहरा पडत जातो ते बघण्यासारखं असतं. दहा मिनिटं मोकळी असतील तर हे बघा.

संपलेले, पण बघण्याजोगे

‘द कोलबेअर रिपोर्ट’ ऑक्टोबर 2005 ते डिसेंबर 2014 चालला. स्टीव्हन कोलबेअर त्यात उजव्या विचारांच्या, गर्विष्ठ टीव्ही निवेदकाचं सोंग घेऊन बोलायचा आणि सोंगातून शेवटपर्यंत बाहेर येत नसे. निवडणुकीत पैसा कसा फिरतो हे दाखवायला त्याने 2011 मध्ये निवडणूक आयोगाची रीतसर परवानगी घेऊन स्वतःची राजकीय निधी समिती काढली. आयोगाचे माजी अध्यक्ष ट्रेव्हर पॉटर त्याचे वकील म्हणून कार्यक्रमात यायचे आणि कायद्यातली पळवाट शांतपणे समजावून सांगायचे. 2014 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ॲनेनबर्ग केंद्राच्या अभ्यासात दिसलं की या विषयावर कोलबेअरच्या प्रेक्षकांना मोठ्या वृत्तवाहिन्यांच्या प्रेक्षकांपेक्षा जास्त माहिती होती.

सोंगाला दुसरी बाजूही आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांच्या 2009 च्या अभ्यासात उदारमतवादी आणि पुराणमतवादी अशा दोन्ही प्रेक्षकांना कोलबेअर सारखाच विनोदी वाटला. पण पुराणमतवाद्यांपैकी बऱ्याच जणांचं मत होतं की तो थट्टेचं नुसतं नाटक करतो आणि मनातून तेच मानतो. उलटं बोलून केलेली टीका ज्याच्यावर असते त्याच्यापर्यंत पोचेलच याची खात्री नसते. ऑलिव्हरसारखं सरळ बोलणं मला पसंत आहे त्याचं हेही एक कारण.

हसन मिनहाजचा ‘पेट्रियट ॲक्ट’ ऑक्टोबर 2018 ते 2020 नेटफ्लिक्सवर होता. टेबल नाही, खुर्ची नाही. प्रचंड पडद्यांच्या मध्ये उभा राहून तो आकडे आणि नकाशे हातवारे करत समजावतो. ऑलिव्हरच्याच पठडीतला, पण वेग दुप्पट आणि नजर स्थलांतरितांच्या घरात वाढलेल्या तरुणाची. 2019 च्या भारतीय निवडणुकांवरचा त्याचा भाग खूप गाजला.

एकच भाग, जागोजागी वेगळा

निवडण्याआधी हेही लक्षात घ्या की तुम्ही जिथे बघता तिथे पूर्ण भाग मिळेलच असं नाही. ब्रिटनच्या संसदेतलं चित्रीकरण व्यंग्य किंवा मनोरंजनासाठी वापरायला तिथल्या नियमांनुसार मनाई आहे. म्हणून जुलै 2011 मध्ये संसदेतल्या चौकशीची दृश्यं असलेला ‘द डेली शो’चा एक भाग तिथे दाखवला गेला नाही. अमेरिकेत अशी दृश्यं बिनदिक्कत वापरता येतात. क्लिप दाखवून टोला मारण्याची पद्धत तिथे एवढी फोफावली आणि ब्रिटनमध्ये गप्पांचा फड जास्त जमला, याला या नियमाचाही हातभार असावा असं मला वाटतं. सौदी अरेबियावर टीका करणारा ‘पेट्रियट ॲक्ट’चा भाग नेटफ्लिक्सने त्या देशापुरता काढून टाकला. फेब्रुवारी 2020 मध्ये भारताच्या पंतप्रधानांवरचा ऑलिव्हरचा भाग हॉटस्टारवर आलाच नाही.

यापेक्षा मोठी किंमत मोजलेला माणूस म्हणजे इजिप्तचा बासेम युसूफ. हृदय शल्यविशारद असलेल्या युसूफने 2011 मध्ये यूट्यूबवर सुरुवात केली आणि त्याचा ‘अल-बर्नामेग’ अरब जगातला सगळ्यात लोकप्रिय व्यंग्य कार्यक्रम झाला. अध्यक्ष मोर्सी यांची चेष्टा केली म्हणून 2013 मध्ये त्याची चौकशी झाली. मोर्सी गेले, लष्कर आलं, आणि नव्या सत्तेकडे विनोद वळताच वाहिनीने कार्यक्रम थांबवला. दुसऱ्या वाहिनीवर तो काही महिने चालला, जून 2014 मध्ये कायमचा बंद झाला. स्टुअर्ट कैरोला त्याच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून गेला होता तो भाग इंग्रजी उपशीर्षकांसह मिळाला तर जरूर बघा. दोघांच्या टेबलात फरक काहीच नाही आणि दोघांनी पत्करलेल्या धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तर मग कुठला?

बातम्या फारशा वाचत नसाल आणि आठवड्याला अर्धा तास देऊ शकत असाल तर डोळे झाकून ‘लास्ट वीक टुनाइट’ घ्या. मुख्य विषयाचे भाग यूट्यूबवर टाकले जातात, त्यामुळे सुरुवात करायला वर्गणी भरायची गरज नाही. अमेरिकेच्या राजकारणावर रोज नजर असेल तर ‘द डेली शो’चा सोमवार, आणि एखादा वार्ताहर आवडला तर त्याचा आठवडा. ब्रिटिश वर्तमानपत्रं वाचण्याची सवय असेल, शब्दांच्या कोट्या आणि हजरजबाबीपणा आवडत असेल तर ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ला पर्याय नाही. निदान चार भाग तरी बघा, पहिल्या भागावरून मत बनवू नका.

दोन कार्यक्रमांत अडकला असाल तर दोन्हींचा एकेक भाग अशा विषयावरचा निवडा, ज्यातलं तुम्हाला स्वतःला चांगलं कळतं. तुम्ही शिक्षक असाल तर शाळांवरचा, औषधांच्या धंद्यात असाल तर औषध कंपन्यांवरचा. कुठे सोपं केलंय, कुठे मुद्दाम वगळलंय, कुठे विनोदासाठी वाक्य ताणलंय हे तुम्हाला लगेच दिसेल. ज्या कार्यक्रमात अशा जागा कमी सापडतील, तो तुम्हाला न कळणाऱ्या विषयांसाठी निवडा. मी हे करून बघितलं तेव्हा ऑलिव्हरच्या भागात मला सोपं केलेलं बरंच सापडलं, चुकीचं काही सापडलं नाही.